एक परिणाम, अनेक वेग

एखाद्या बदलात अनेक पदार्थ भाग घेत असतील, तर तो बदल एक मानावा की जितके पदार्थ तितके बदल मानावेत, हा प्रश्न वरवर पाहता शब्दच्छलाचा वाटतो. परंतु अभिक्रियांच्या वेगाचा विचार करणाऱ्या रासायनिक गतिकीला या प्रश्नाचे काहीतरी उत्तर गृहीत धरल्यावाचून पहिले पाऊलही टाकता येत नाही. नायट्रोजन आणि हायड्रोजन या दोन वायूंपासून अमोनिया तयार होतो, आणि या अभिक्रियेचे समीकरण असे सांगते की नायट्रोजनचा एक रेणू हायड्रोजनच्या तीन रेणूंशी संयोग पावला म्हणजे अमोनियाचे दोन रेणू निर्माण होतात. समजा, एका बंद पात्रात ही अभिक्रिया चालू असून एका विशिष्ट वेळी नायट्रोजन दर लिटरमागे दर मिनिटाला ०.१ मोल इतका घटत आहे. मोल ही रेणू मोजण्याची संज्ञा आहे; डझन म्हणजे जसे बारा नग, तसा मोल म्हणजे ढोबळ मानाने सहावर तेवीस शून्ये लिहून होईल इतक्या रेणूंचा समूह. त्याच वेळी हायड्रोजन ०.३ मोल या वेगाने घटत असला पाहिजे आणि अमोनिया ०.२ मोल या वेगाने वाढत असला पाहिजे. पदार्थ तीन, वेगही तीन. मग ज्याला ‘अभिक्रियेचा वेग’ म्हणायचे तो यांपैकी कोणाचा?

रसायनशास्त्राचे उत्तर असे की तो कोणाचाच नव्हे. घटणाऱ्या पदार्थांच्या वेगाला ऋण चिन्ह लावून तो धन करून घ्यावा, आणि मग प्रत्येक पदार्थाच्या वेगाला समीकरणातील त्याच्या सहगुणकाने, म्हणजे त्याच्या नावाआधी लिहिलेल्या संख्येने, भागावे. नायट्रोजनच्या ०.१ ला १ ने, हायड्रोजनच्या ०.३ ला ३ ने आणि अमोनियाच्या ०.२ ला २ ने भागले असता तिन्ही भागाकार ०.१ येतात, आणि या सामाईक संख्येलाच अभिक्रियेचा वेग असे नाव आहे. ती नायट्रोजनच्या वेगाशी जुळते याचे कारण एवढेच की नायट्रोजनचा सहगुणक १ आहे. बेल्जियन शास्त्रज्ञ तेओफिल द दोंदेर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या विचाराला स्वतंत्र राशीचे रूप दिले आणि तिला अभिक्रियेची प्रगती, म्हणजे अभिक्रिया कितपत पुढे सरकली याचे माप, असे मानले. ही राशी कोणत्याही पदार्थाचे वजन किंवा आकारमान सांगत नाही. ती सांगते फक्त घडण्याचे माप. पदार्थ पात्रात असतात, त्यांना वेगळे काढता येते, तोलता येते. घडणे मात्र वेगळे काढून तोलता येत नाही, आणि तरीही त्याला संख्या आहे. भागाकाराची ही साधी रीत म्हणजे वस्तुतः एक तात्त्विक विधान होय, आणि ते विधान असे की तीन बदल दिसत असले तरी बदल एकच आहे.

या विधानाची किंमत कळण्यासाठी मोजण्याचे माप बदलून पाहणे उपयुक्त ठरते. रेणूंची संख्या न मोजता वजन मोजले, तर वरील उदाहरणात दर लिटरमागे दर मिनिटाला २.८ ग्रॅम नायट्रोजन आणि ०.६ ग्रॅम हायड्रोजन नाहीसा होतो आणि ३.४ ग्रॅम अमोनिया निर्माण होतो. येथे बेरीज बिनचूक जुळते, कारण द्रव्य नष्ट होत नाही. परंतु संख्येने मोजताना जो हायड्रोजन सर्वांत वेगाने संपत होता, तोच वजनाने मोजताना सर्वांत मंद ठरतो. याचा अर्थ अधिक वेगवान कोण, या प्रश्नाला मोजण्याच्या रीतीबाहेर उत्तरच नाही. उत्तर आहे ते केवळ या वेगांना बांधणाऱ्या नात्याला.

हे नातेही मोजणाऱ्याच्या दृष्टीपासून पूर्णपणे सुटलेले नाही. तेच समीकरण अर्धा मोल नायट्रोजन आणि दीड मोल हायड्रोजन मिळून एक मोल अमोनिया असे लिहिले, तर त्यात असत्य काही नाही. मात्र आता ०.१ ला अर्ध्याने, ०.३ ला दीडाने आणि ०.२ ला एकाने भागावे लागते आणि अभिक्रियेचा वेग ०.२ येतो. पात्रात काहीही बदललेले नसताना वेग दुप्पट झाला. म्हणूनच समीकरण कसे लिहिले आहे हे सांगितल्याशिवाय अभिक्रियेचा वेग सांगणे अपुरे मानले जाते. वैशेषिक दर्शनाच्या अभ्यासकाला येथे अपेक्षाबुद्धीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. वैशेषिकांच्या मते एकत्व ही संख्या प्रत्येक द्रव्यात स्वतःची असते, पण द्वित्व आणि त्यापुढच्या संख्या ‘हा एक, हा एक’ अशा एकत्र घेणाऱ्या ज्ञानातून उत्पन्न होतात, आणि या ज्ञानालाच अपेक्षाबुद्धी म्हणतात. या मताचा बारकावा असा की द्वित्व बुद्धीमुळे उपजले तरी ते राहते वस्तूंमध्येच. ते केवळ कल्पित नव्हे. अभिक्रियेच्या वेगाची स्थिती अगदी अशीच आहे. एकक कोणते धरायचे हे मोजणारा ठरवतो, पण ते एकदा ठरले की तिन्ही पदार्थांनी तीच संख्या द्यावी ही सक्ती मोजणाऱ्याने लादलेली नसते. ती पात्रातून येते.

या सक्तीच्या शास्त्राला स्टॉइकिओमेट्री म्हणतात. हे नाव जर्मन रसायनशास्त्रज्ञ येरेमियास बेंजामिन रिश्टर यांनी १७९२ मध्ये मूलतत्त्व आणि माप या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून घडवले. मराठीत त्याला रासायनिक प्रमाणशास्त्र म्हणता येईल. रिश्टर यांनी रसायनशास्त्रातील गणिताच्या उपयोगावरचा आपला प्रबंध १७८९ मध्ये कोनिग्सबर्ग विद्यापीठात सादर केला होता, आणि त्याच विद्यापीठात त्या काळी तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट शिकवत होते. निसर्गविज्ञानाच्या तात्त्विक पायाविषयीच्या १७८६ मधील ग्रंथात कांट यांनी असे प्रतिपादन केले होते की ज्या विद्येत जितके गणित, तितकेच तिच्यात खरे विज्ञान, आणि या कसोटीवर रसायनशास्त्र ही फार तर एक पद्धतशीर कला ठरते. अशा वातावरणात रिश्टर यांनी आम्ले आणि आम्लारी यांचे एकमेकांना उदासीन करणारे भाग मोजून संख्यांची कोष्टके रचली. गणित रसायनशास्त्रात आले खरे, पण ते काळाशिवाय आले. किती आणि किती, एवढेच या कोष्टकांत होते. केव्हा, हे कोठेच नव्हते.

काळ आला तो १८५० मध्ये, लुडविग विल्हेल्मी यांच्या साखरेवरच्या प्रयोगातून. उसाची साखर पाण्यात विरघळवून त्यात आम्ल घातले की साखरेच्या एका रेणूचा पाण्याच्या एका रेणूशी संयोग होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करांचा एकेक रेणू मिळतो. विल्हेल्मी यांना सोयीचे असे की हे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचे, प्रतल फिरवते, आणि मूळ साखर ते उजवीकडे फिरवत असताना तयार होणारे मिश्रण ते डावीकडे फिरवते. त्यामुळे द्रावणाला हात न लावता, त्यातून थेंबही न काढता, नळीच्या एका टोकाशी डोळा लावून निरीक्षकाला साखर संपत जाताना पाहता येते: उजवीकडचा कोन हळूहळू लहान होतो, शून्यावर येतो आणि मग डावीकडे सरकू लागतो. विल्हेल्मी यांना आढळले की कोणत्याही वेळी साखर संपण्याचा वेग त्या वेळी शिल्लक असलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. रासायनिक बदलाचा काळाशी संबंध गणिताने मांडण्याचा हा आरंभीचा मोठा टप्पा मानला जातो.

या प्रयोगात तत्त्वविचाराला खाद्य पुरवणारी खरी गोष्ट मात्र आम्लाची आहे. आम्ल समीकरणात नाही. ते जितके घातले तितकेच शेवटी उरते. जमाखर्चात त्याच्या नावावर एक पैही नाही, आणि तरीही बदल केवढ्या वेगाने होईल हे त्याच्यावर अवलंबून आहे. आम्ल वाढवले तर वेग वाढतो, काढून घेतले तर साखरेचे पाणी साखरेचे पाणीच राहते. न्यायवैशेषिकांनी कारणांचे जे भेद केले, त्यांपैकी दोन येथे जसेच्या तसे उपयोगी पडतात. कार्य ज्याच्यात राहून उत्पन्न होते ते समवायी कारण, जसे वस्त्राचे तंतू किंवा घटाची माती. आणि कार्याच्या अंगात न शिरता ते घडवून आणणारे ते निमित्तकारण, जसा कुंभाराचा दंड. प्रमाणशास्त्र ही समवायी कारणांची नोंद आहे, तर वेगाचा विचार निमित्तकारणांशिवाय होऊच शकत नाही. अमोनियाच्या बाबतीत लोहाचा उत्प्रेरक हेच काम करतो. साध्या तापमानाला नायट्रोजन आणि हायड्रोजन एक–तीन या अचूक प्रमाणात एकत्र ठेवले, तरी कोणाच्या हयातीत नजरेस येईल इतका अमोनिया होत नाही. त्यांचे समीकरण त्या वेळीही तितकेच खरे असते. फ्रित्स हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत आणि कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये ओपाऊच्या कारखान्यात जे साधले, ते समीकरण बदलून नव्हे, तर दाब, उष्णता आणि उत्प्रेरक यांनी वेग बदलून. अलिबागजवळच्या थळ येथील खतकारखान्यात आज अमोनिया होतो तोही याच तत्त्वावर. हायड्रोजनचा सहगुणक ३ असला तरी लोहाच्या पृष्ठभागावर या बदलाला अडवून धरणारी पायरी असते ती नायट्रोजनच्या दोन अणूंमधला बळकट बंध तुटण्याची, हे गेरहार्ड एर्टल यांच्या संशोधनाने स्पष्ट केले, आणि त्यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

असे असले तरी प्रमाणावरून वेगाचा नियम थेट काढता येईल, हा मोह मोठा होता आणि तो चांगल्या चांगल्या शास्त्रज्ञांना पडला. नॉर्वेतील गुल्डबर्ग आणि वागे यांनी १८६४ पासून मांडलेल्या वस्तुमानक्रियेच्या नियमाने समतोलाचा, म्हणजे पुढची आणि मागची अभिक्रिया सारख्याच वेगाने चालू असल्याच्या स्थितीचा, उत्तम उलगडा केला. त्यांच्या १८७९ च्या मांडणीत समीकरणातील सहगुणकच संहतीचे घातांक झाले. संहती म्हणजे ठरावीक जागेत पदार्थ किती दाटला आहे त्याचे माप. समतोलापुरते हे बरोबर आहे. वेगापुरते ते बरोबर असतेच असे नाही, हे पुढे माक्स बोडेनश्टाइन आणि सॅम्युअल लिंड यांच्या १९०६ मधील मापनांनी निःसंशय दाखवले. हायड्रोजन आणि ब्रोमीन यांचा एकेक रेणू मिळून हायड्रोजन ब्रोमाइडचे दोन रेणू होतात. समीकरण याहून साधे असणे कठीण. पण मोजलेला वेग हायड्रोजनची संहती आणि ब्रोमीनच्या संहतीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात निघाला, आणि तयार झालेला हायड्रोजन ब्रोमाइड स्वतःच पुढच्या निर्मितीला आळा घालताना आढळला. वर्गमूळ म्हणजे अर्धा घातांक, आणि समीकरणात अर्धे असे काहीच नाही. क्रिस्टियानसेन, हर्त्सफेल्ड आणि पोलान्यी यांनी १९१९ ते १९२० च्या सुमारास स्वतंत्रपणे याचा उलगडा केला. ब्रोमीनचा रेणू आधी दोन अणूंत फुटतो. त्यातला एकेक अणू हायड्रोजनच्या रेणूवर जाऊन हायड्रोजन ब्रोमाइड घडवतो आणि हायड्रोजनचा एक अणू मोकळा करतो. तो अणू दुसऱ्या ब्रोमीन रेणूवर जातो आणि पुन्हा ब्रोमीनचा अणू मोकळा होतो. अशी साखळी चालत राहते. अर्धा घातांक येतो तो रेणू दोन अणूंत फुटण्यामुळे. साखळीतले मोकळे अणू शेवटच्या हिशेबात दिसत नाहीत, कारण जितके उपजतात तितकेच खपतात.

भागाकाराने मिळणाऱ्या एकत्वाची अटही येथेच सापडते. तिन्ही भागाकार सारखे येतील, पण केव्हा? मधल्या पायऱ्यांवर काही साचत नसेल तेव्हा. एका पदार्थाचा दुसरा आणि दुसऱ्याचा तिसरा होत असेल आणि दुसरा काही काळ साचून राहत असेल, तर पहिला घटण्याचा वेग आणि तिसरा वाढण्याचा वेग त्या काळात सारखे नसतात. आरंभी पहिला झपाट्याने घटत असतो आणि तिसऱ्याचा जवळजवळ पत्ताच नसतो. बदल एक आहे हे म्हणूनच आगाऊ मान्य करण्याचे विधान नसून प्रत्येक वेळी मोजून सिद्ध करण्याचे विधान आहे.

नाश आणि उत्पत्ती यांच्यामधल्या या सांध्याचा विचार भारतीय परंपरेत ज्या चिकाटीने झाला, त्याचे मोल इतिहासाच्या दृष्टीनेच नव्हे, तर विचार म्हणूनही मोठे आहे. कच्चे मडके काळसर असते आणि आव्यात भाजल्यावर लाल होते. तेजाच्या संयोगाने होणाऱ्या या बदलाला पाक म्हणतात. वैशेषिकांचा पीलुपाकवाद असे मानतो की पाक पीलूंमध्ये, म्हणजे परमाणूंमध्ये, होतो: अग्नीच्या संयोगाने मडके परमाणूंपर्यंत विघटित होते, सुट्या परमाणूंत रंग पालटतो आणि परमाणू पुन्हा जुळून मडके घडते. नैयायिकांचा पिठरपाकवाद असे मानतो की पाक पिठरातच, म्हणजे अखंड मडक्यातच, होतो. कारण भाजताना मडके मोडलेले कोणी पाहत नाही, त्याचा आकार टिकतो आणि बाहेर काढल्यावर ‘हे तेच’ अशी ओळखही पटते. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाने तर्कसंग्रहावरील आपल्याच दीपिका टीकेत हे दोन्ही पक्ष नोंदवले आहेत, आणि मुंबई संस्कृत मालेत १८९७ मध्ये निघालेल्या यशवंत वासुदेव आठल्ये यांच्या सटीप आवृत्तीने हा वाद आधुनिक वाचकापुढे आणला.

पीलुपाकवाद्यांनी याच्याही पुढे जाऊन क्षण मोजले. विश्वनाथ पंचाननाच्या न्यायसिद्धान्तमुक्तावलीत येणारी नऊ क्षणांची प्रक्रिया अशी आहे: पहिल्या क्षणी द्व्यणुकाचा, म्हणजे दोन परमाणूंच्या जोडीचा, नाश, दुसऱ्या क्षणी परमाणूतील काळ्या रंगाचा नाश, तिसऱ्या क्षणी लाल रंगाची उत्पत्ती, चौथ्या क्षणी नव्या जोडणीला अनुकूल अशी हालचाल, मग विभाग, पूर्वीच्या संयोगाचा नाश आणि नवा संयोग, आठव्या क्षणी नवे द्व्यणुक आणि नवव्या क्षणी त्यात लाल रंग. विभागातून उपजणारा आणखी एक विभाग मानला तर क्षण दहा किंवा अकरा होतात. हे रासायनिक गतिकीचे पूर्वज्ञान होते असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही, कारण येथे मापन नाही आणि क्षणांची संख्या तर्काने ठरवलेली आहे. परंतु प्रश्न तोच आहे. काळा रंग जाणे आणि लाल रंग येणे या दोन गोष्टी एका क्षणी होत नाहीत, त्यांच्यामध्ये अंतर आहे, आणि भाजलेले मडके हाती आल्यावर ते अंतर दिसत नाही, हे वैशेषिकांनी ओळखले होते. वैशेषिकाच्या बुद्धीची कसोटी लागते असे जे तीन विषय परंपरेने सांगितले, ते द्वित्व, पाकज गुणांची उत्पत्ती आणि विभागज विभाग हे आहेत. मोजणे, बदलणे आणि सुटणे हे तिन्ही अवघड विषय एका पंक्तीत बसावेत, यात त्या दर्शनाची नेमकी दृष्टी दिसते.

क्षणाविषयी योगदर्शनाने एक वेगळी अडचण पुढे केली. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात एक परमाणू आपली जागा सोडून लगतच्या जागी जाण्यास जो अवधी लागतो त्याला क्षण म्हटले आहे, आणि दोन क्षण कधीच एकत्र नसतात, म्हणून मुहूर्त किंवा दिवस हे समूह बुद्धीने रचलेले आहेत असे प्रतिपादले आहे. वेग काढायचा तर दोन क्षणांची तुलना हवी, आणि दोन क्षण तर एकत्र सापडत नाहीत. म्हणून कोणताही वेग हा स्मरणाने किंवा नोंदीने जोडलेला असतो. कलनशास्त्र ही अडचण गणितापुरती दूर करते, पण प्रयोगशाळेतली प्रत्येक नोंद शेवटी दोन वाचनांमधला फरकच असते. याच भाष्यात चूर्ण, गोळा, घट, खापर अशा मातीच्या अवस्थांचे उदाहरण येते, आणि क्रम वेगळा म्हणून परिणाम वेगळा, हा सूत्राचा सिद्धान्त त्यावरून समजावला जातो. क्रम हा परिणामाच्या शेवटच्या टोकाशी पोहोचल्यावरच हाती लागतो, हाही त्याच विचाराचा भाग आहे. नवे वस्त्र एकाएकी जुने होत नाही; जुनेपणा दिसला की मधले सगळे क्षण त्याने भोगले असले पाहिजेत असे अनुमान होते.

या अनुमानापुढची अडचण हायड्रोजन आणि आयोडीन यांच्या अभिक्रियेने दाखवली. दोघांचा एकेक रेणू मिळून हायड्रोजन आयोडाइडचे दोन रेणू होतात, आणि बोडेनश्टाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मोजलेला वेग दोघांच्या संहतींच्या गुणाकाराच्या प्रमाणात निघाला. ब्रोमीनप्रमाणे येथे वर्गमूळ नव्हते. समीकरण आणि वेगाचा नियम तंतोतंत जुळत होते, आणि म्हणून दोन रेणू एकदाच आदळतात आणि बदल एकाच पायरीत पुरा होतो, असे जवळजवळ सत्तर वर्षे पाठ्यपुस्तकांत शिकवले गेले. जॉन सलिव्हन यांनी १९६७ मध्ये प्रकाशाच्या साहाय्याने आयोडीनचे मोकळे अणू निर्माण करून हाच बदल कमी तापमानाला तपासला, तेव्हा वेग आयोडीनच्या अणूंच्या संहतीच्या वर्गाप्रमाणे बदलताना आढळला. अणूंच्या संहतीचा वर्ग समतोलात रेणूंच्या संहतीच्या प्रमाणातच असतो. त्यामुळे रेणू थेट आदळोत की दोन अणू हायड्रोजनच्या एका रेणूला गाठोत, दोन्ही वाटांनी वेगाचा नियम एकच लिहिला जातो. शेवटचे टोक तेच, हिशेब तोच, नियमही तोच होता. क्रम मात्र दुसरा होता, आणि तो दिसण्यासाठी प्रकाशाचा एक झोत आयोडीनवर टाकावा लागला.